पगार सात तारखेला, झोप उडते रात्री तीनला

गोदाकाठ (धागाकर्ता) · रविवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचत आलोय, तेही पाककृती आणि भटकंती. पहिला धागा असल्या विषयावर निघेल असं वाटलं नव्हतं.

नाशिकला अंबड एमआयडीसीच्या जवळ माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. चार वर्षं झाली. प्रेस शॉप, मशीन शॉप असल्या लहान कारखान्यांसाठी आमचं सॉफ्टवेअर आहे. जॉबवर्कचा माल कुठल्या चलानावर गेला, परत किती आला, रिजेक्ट किती झाला, डायचे (साच्याचे) स्ट्रोक किती झाले, ती ग्राइंडिंगला कधी काढायची, हे सगळं त्यात. पूर्वी हे सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत असायचं, आणि सुपरवायझर सुट्टीवर गेला की डायरीही सुट्टीवर जायची. मी सोडून अकरा माणसं. बाहेरची गुंतवणूक नाही. भागीदार होता, तो मागच्या दिवाळीनंतर पुण्याला नोकरीला लागला. भांडण वगैरे नाही, त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं.

हिशेब सरळ मांडतो. महिन्याचा खर्च साडेसात लाख: पगार ५.८ लाख, सर्व्हर ७० हजार, भाडं ४५ हजार, किरकोळ ५५ हजार. लहान ग्राहकांकडून दर महिन्याला ३.४ लाख येतात. बाकीचं एका मोठ्या ग्राहकावर चालायचं. तीन प्लांटचा ग्रुप आहे, नाव घेत नाही. तिथे २२ लाख अडकलेत. जुने फायनान्सचे साहेब गेले, नवे आले, आणि 'फाइल रिव्ह्यूला आहे' हे पाच महिने ऐकतोय. बँकेत आज ९.२ लाख आहेत. म्हणजे सव्वादोन महिने.

रोज सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून दहा मिनिटं तसाच बसतो. मग चेहरा नीट करून वर जातो. वर पोरं विचारतात, "सर, तो रिजेक्शनचा रिपोर्ट पुढच्या रिलीजमध्ये घ्यायचा ना?" मी म्हणतो, घेऊ. रात्री तीनला जाग येते, मग पंख्याकडे बघत बेरीज-वजाबाकी. आकडे तेच, उत्तरही तेच.

यातून गेलेल्यांनी सांगा: डोकं ठिकाणावर कसं ठेवलंत? ऑफिसात किती सांगितलंत, घरी किती? आणि थांबायचं कधी हे कसं ठरवलंत? 'सकारात्मक राहा' सोडून काहीही चालेल.

चहाबाज · रविवार, रात्री ११.५८

सकारात्मक राहा.

(हलके घ्या. पार्किंगमध्ये बसता तेव्हा सोबत चहा असू द्या, एवढंच सुचवतो.)

पेठेतली · सोमवार, सकाळी ६.४०

चहाबाज, दर धाग्यावर पहिला प्रतिसाद तुमचाच कसा हो? तुमची कंपनी आधीच बुडालेली दिसतेय.

गोदाकाठ, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण वाचतेय. लिहिलंत ते बरं केलंत.

जुना_खेळाडू · सोमवार, सकाळी ७.१५

दोनदा कंपनी काढली. पहिली बंद केली, दुसरी चालू आहे, तेव्हा मला पन्नास टक्के मार्क.

पहिली कोथरूडला, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. अमेरिकेतल्या एका गृहकर्जवाल्या कंपनीसाठी कागदपत्रं तपासायचं सॉफ्टवेअर करायचो. साल २००८, म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बँक बुडाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ग्राहकाची ईमेल आली, चार ओळींची. पाचवी ओळ त्यांच्या वकिलाचं नाव.

चौदा माणसं होती. तीन महिने मी कोणाला काही बोललो नाही. यांना कशाला घाबरवायचं, असं स्वतःला सांगायचो. जानेवारीत एकदाचं सगळ्यांना बसवलं, घसा खाकरला, 'परिस्थिती थोडी' एवढंच म्हटलं, तर टेस्टिंगमधली मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला नोव्हेंबरातच कळलं. क्रीमची बिस्किटं बंद होऊन ग्लुकोजची यायला लागली तेव्हाच."

म्हणजे तीन महिने मी एकटा नाटक करत होतो आणि चौदा जण प्रेक्षक होते.

त्या दिवशी फळ्यावर सगळे आकडे लिहिले. सहा महिने ३० टक्के कपात मागितली. फरक नंतर देईन असं लेखी दिलं. तिघे सोडून गेले. दोन वर्षं मी त्यांचा राग धरला होता, आता विचार केला की लाज वाटते. त्यांच्या घरचा गॅस माझ्या स्वप्नावर थोडाच पेटणार होता.

कंपनी वाचली का? नाही. जून २००९ मध्ये कुलूप लावलं. फरकाचे पैसे मात्र पै न पै दिले, त्यासाठी सँट्रो विकली. पुढे दोन वर्षं बसने फिरलो. त्या चौदांपैकी तिघे आज दुसऱ्या कंपनीत माझ्याबरोबर आहेत, पैकी एक ती बिस्किटवाली.

झोपेवर माझा उपाय गावठी आहे. उशाशी वही-पेन. तीनला उठलो की दिवा लावायचा, आजचा शिल्लक आकडा लिहायचा, उद्या सकाळी करायचा एक फोन लिहायचा, दिवा बंद. पंख्याकडे बघत बेरीज करू नका. त्यात हातचा दर वेळी वेगळा धरला जातो.

हिशेबनीस · सोमवार, सकाळी ९.३०

व्यवसायाने सीए. झोपेबद्दल मला विचारू नका, सप्टेंबर-ऑक्टोबरात आम्हालाही नसते. एकच प्रश्न: ९.२ लाखांत येत्या २० तारखेचा जीएसटी धरलाय का?

गोदाकाठ · सोमवार, सकाळी ९.४१

नाही.

हिशेबनीस · सोमवार, सकाळी ९.४४

वाटलंच. गेल्या महिन्यात बिलं किती काढलीत?

गोदाकाठ · सोमवार, सकाळी ९.५०

लहानांची ३.४ लाख. मोठ्याचं एएमसी (वार्षिक देखभाल) आणि बदलांचं काम मिळून ७.२ लाख. ते ७.२ थकलेल्या २२ मध्येच आहेत.

हिशेबनीस · सोमवार, सकाळी १०.२०

१०.६ लाखांवर १८ टक्के म्हणजे १.९ लाख. भाड्याचं आणि सर्व्हरचं इनपुट, म्हणजे त्या बिलांवर तुम्ही आधीच भरलेला जीएसटी, वीसेक हजार वजा करा. १.७ लाख भरावे लागणार. ग्राहकाने तुम्हाला दमडी दिली नसली तरी, कारण सेवेचं बिल निघालं की कर लागू होतो. म्हणजे हातात साडेसात, आणि दर महिन्याचा खड्डा ४.१ चा. तुमचे सव्वादोन महिने खरे दोनसुद्धा भरत नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे येणारे निम्मे लोक हीच चूक करतात. बँकेतला आकडा आपला समजतात.

आता करायच्या गोष्टी. त्या ग्राहकाचं नवं काम आगाऊ रक्कम आल्याशिवाय सुरू करू नका. काम नाही तर बिल नाही, बिल नाही तर कर नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना? असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर (पूर्वीचं समाधान) तक्रार टाकता येते, ती थकबाकीचा निवाडा करणाऱ्या फॅसिलिटेशन काउन्सिलकडे जाते. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

लेथवाला · सोमवार, दुपारी १२.०५

सीएसाहेब, कायदा बरोबर आहे. पण समाधानवर तक्रार टाकली की ग्राहक गेला. मी भोसरीत आहे, टाकली होती. पैसे दीड वर्षाने आले, व्याज शेवटी मीच सोडलं, आणि पुढचं वर्षभर आसपासच्या परचेसवाल्यांनी मला गेटवरच उभं केलं. "तुम्ही केसवाले ना?" हा शिक्का बसतो.

हिशेबनीस · सोमवार, दुपारी १२.४०

लेथवाला, मान्य. म्हणून तक्रार शेवटी, आधी पत्र. तेही फायनान्सच्या साहेबांना एकट्याला नाही, अकाउंट्सच्या प्रमुखालाही. आपला उद्यम क्रमांक, बिलवार यादी, आणि दोन साध्या ओळी. एक, आयकर कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेरपर्यंतही थकले, तर तो खर्च त्यांना त्या वर्षी वजा मिळत नाही. दोन, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांनी घेतलेलं जीएसटीचं इनपुट व्याजासकट उलटवावं लागतं. धमकी द्यायची नाही, "आपल्या नोंदीसाठी" म्हणायचं. मालकापेक्षा अकाउंट्सवाला जास्त घाबरतो, कारण ऑडिटर त्याला विचारतो.

चहाबाज · सोमवार, दुपारी १२.४६

"आपल्या नोंदीसाठी". सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असंच पार्किंगबद्दल लिहितात आणि मग तीन वर्षं बोलत नाहीत.

पाटी_पेन्सिल · सोमवार, दुपारी २.३०

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी 'पोरं' मधला.

आमचे सर पण पार्किंगमध्ये बसायचे. आम्हाला वरच्या खिडकीतून दिसायचे.

पगार उशिरा होणं आम्ही समजून घेतलं. एकदा दहा तारीख, मग अठरा, मग पुढच्या महिन्याचा आणि मागचा एकत्र. सर शुक्रवारी पिझ्झा मागवायचे, 'आपण फॅमिली आहोत' म्हणायचे. मग बहिणीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढायला मी पासबुक उघडलं. सात महिने कोरे. पगारपत्रकावर दर महिन्याला कपात दिसत होती, भरली एकदाही नव्हती. माझे पैसे, मला न विचारता, सरांनी सर्व्हरला भरले.

मला आजही वाटतं, 'या महिन्यात देता येत नाही' असं तोंडावर म्हणाले असते तर मी थांबलो असतो. काम आवडायचं मला. गोदाकाठ, तुमच्याबद्दल राग नाही, तुम्ही तसं केलंय असंही म्हणत नाही. पण पीएफला हात लावू नका. आणि फॅमिली म्हणू नका, कृपा करून.

जुना_खेळाडू · सोमवार, दुपारी ३.१०

पाटी_पेन्सिल, दंडवत. हा प्रतिसाद छापून कॅश काउंटरवर लावावा.

हिशेबनीस · सोमवार, दुपारी ३.२५

शिवाय कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरतो. तारीख १५. गोदाकाठ, भरताय ना?

गोदाकाठ · सोमवार, दुपारी ३.३२

भरतोय, एकही महिना चुकलेला नाही. पण मागच्या आठवड्यात तो विचार डोक्यात येऊन गेला होता हे कबूल करतो. पाटी_पेन्सिल, आभार. आणि आमच्याही वरच्या मजल्यावर खिडकी आहे हे आत्ता लक्षात आलं.

रोखठोक_२१ · सोमवार, सायंकाळी ६.००

मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. मराठी माणसाच्या रक्तात धंदा नाही. गुजराती, मारवाडी असता तर समाजाने उचलून धरलं असतं. आपल्याकडे लोक पाय ओढायला बसलेत.

पेठेतली · सोमवार, सायंकाळी ६.०४

आला! मी घड्याळ लावूनच बसले होते. अठरा तास आठ मिनिटं.

उलटा_कंदील · सोमवार, सायंकाळी ६.५०

रक्तबिक्त सोडा. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकट्या भावाने, संजयने, अँटिव्हायरस लिहिला, त्याचं क्विक हील झालं. बाहेरच्या गुंतवणूकदाराचे पैसे २०१० मध्ये आले, शेअर बाजारात २०१६ मध्ये. तोवर माल विकून आलेल्या पैशांवरच चालवलं. रक्तगट कोणी तपासला नव्हता.

गोदाकाठ यांच्या दुखण्याशी जास्त जवळचं उदाहरण मला चेन्नईचं वाटतं. आजची झोहो ती पूर्वीची अ‍ॅडव्हेंटनेट, १९९६ ची. टेलिकॉमची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना नेटवर्क सांभाळण्याचं सॉफ्टवेअर विकायचे. २००१ च्या पडझडीत ते गिऱ्हाईकच आटलं. श्रीधर वेंबूंनी त्याच इंजिनिअरांकडून त्याच ज्ञानावर दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकासाठी माल बनवून घेतला, कुठल्याही कंपनीच्या आयटी विभागाला विकता येईल असा. ते मॅनेजइंजिन. झोहो नावाचं उत्पादन २००५ मध्ये आलं. एकाच जातीच्या ग्राहकावर उभं राहायचं नाही हे ते तिथे शिकले असावेत, हे माझं अनुमान.

तुमचे २२ लाख येतील किंवा न येतील. पण २२ लाख एकाकडे कसे साचले, हा प्रश्न वहीत लिहा.

चहाबाज · सोमवार, सायंकाळी ७.१५

आता फक्त इन्फोसिसचे दहा हजार आणि अमेरिकेतली ती खाऊची खोकी विकणारी एअरबीएनबीची पोरं राहिली. कोणी सांगणार असेल तर आधी हात वर करा, मी जेवून येतो.

दुपारचं_ऊन · सोमवार, रात्री १०.३५

मी कंपनीवाली नाही. माझा नवरा कंपनीवाला आहे. 'घरी किती सांगितलंत' या प्रश्नाचं उत्तर घरून देते.

मला बँकेच्या एसएमएसवरून कळलं. जुना नंबर अजून माझ्या फोनला जोडलेला होता. आमच्या दोघांच्या खात्यातून साडेतीन लाख कंपनीच्या खात्यात गेले होते. मुलीच्या शाळेचा दुसरा हप्ता त्यातच होता. तो आंघोळीला गेला होता, नळ चालू होता, अर्धा तास झाला तरी चालूच. आतून बादलीचा आवाज नाही. दार वाजवलं तर म्हणाला, येतो. आला तेव्हा अंग कोरडं होतं.

भांडलो, नाही असं नाही. पैसे गेल्याचं दुःख कमी होतं. मी रोज त्याला 'आज काय करू डब्याला' विचारत होते, तो 'काहीही' म्हणत होता, आणि मी मूर्खासारखी त्याला भेंडी आवडत नाही म्हणून बटाटा करत होते. आपल्याच घरात आपल्याला पाहुणी केल्यासारखं वाटलं.

मग कालनिर्णयच्या जुन्या पानामागे त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या. घराचं खातं आणि माझ्या आईने दिलेलं सोनं कंपनीत जाणार नाही. माझ्या भावाकडे आणि त्याच्या काकांकडे पैसे मागायचे नाहीत, कारण मग दिवाळीला कोणाकडे जाता येत नाही. आणि ३१ ऑगस्टपर्यंत दोन नवे ग्राहक आले नाहीत तर तो नोकरी शोधायला लागेल, कंपनी संध्याकाळी. त्याने सही केली. मी पण केली, साक्षीदार म्हणून.

३१ ऑगस्टला एकच ग्राहक आला. आम्ही महिनाभर तारीख वाढवली. हो, नियम मोडला. पण मोडतोय हे दोघांना माहीत होतं. दुसरा २२ सप्टेंबरला आला. नसता आला तर काय, हे मला सांगता येणार नाही.

गोदाकाठ दादा, वहिनींना माहीत आहे का?

गोदाकाठ · सोमवार, रात्री ११.२०

अर्धं.

दुपारचं_ऊन · सोमवार, रात्री ११.२२

मग धागा बंद करा आणि आधी उरलेलं अर्धं सांगून या.

मोकळा_श्वास · मंगळवार, सकाळी ५.३०

नाशिकला आहात तर इगतपुरी तासाभरावर आहे. धम्मगिरीला दहा दिवसांची विपश्यना करा. शुल्क नाही, दान ऐच्छिक. मन शांत झालं की मार्ग दिसतो. स्वानुभव.

लेथवाला · मंगळवार, सकाळी ८.१०

दहा दिवस फोन जमा करायचा? अकराव्या दिवशी मन शांत आणि ग्राहकही शांत.

मोकळा_श्वास · मंगळवार, सकाळी ८.४०

लेथवाला, चेष्टा करायची तर करा. आधी फोन ठेवायला भीती वाटणं हाच आजार आहे.

डॉ_बिनकोटाचे · मंगळवार, सकाळी ९.१५

दोघेही थोडे थोडे बरोबर. विपश्यना चांगली, पण पैशांचं संकट ऐन भरात असताना आणि झोप उडालेली असताना थेट दहा दिवसांचं मौन सगळ्यांना मानवत नाही. आधी साधं बघा. पहाटे जाग येणं, भूक जाणं, आवडत्या गोष्टीत रस न राहणं, हे दोन आठवड्यांवर चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. झोप येते म्हणून रात्री पेग लावत असाल तर तोच तुम्हाला तीनला उठवतो. आणि 'मी नसलो तर सगळं सुटेल' असा विचार एकदाही आला तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस, सरकारी, मोफत, मराठीत बोलतात. हे गोदाकाठ यांना एकट्याला नाही, वाचून पुढे जाणाऱ्यांनाही.

द्राक्षबाग · मंगळवार, सकाळी ११.००

गोदाकाठ भाऊ, मी दिंडोरीकडचा, तुमचा शेजारीच. सॉफ्टवेअर कळत नाही, उधारी कळते.

आमच्याकडे दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार व्हायला. ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळाला. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरात इतका पाऊस झाला की फुलोऱ्यातच घड कुजले. त्या वर्षी वडिलांनी निम्म्या बागेतला माल सोडून दिला, औषधाचा खर्चच केला नाही. म्हणाले, यंदा माल काढायचा नाही, वेल जगवायचा. मला तेव्हा राग आला होता, कारण शेजारी फवारत होता. त्याचा खर्च दुप्पट झाला आणि माल व्हायचा तेवढाच झाला.

पुढे एकदा चांगला माल आला तर व्यापारी गाड्या भरून पैसे न देता गायब. फोन बंद, गाळा रिकामा. तुमचा ग्राहक निदान पत्त्यावर आहे. जाऊन समोर बसता येतं. बसा. आम्ही बसायला तयार होतो, पण कुठे ते कळत नव्हतं.

पेठेतली · मंगळवार, सकाळी ११.२०

"निदान पत्त्यावर आहे" हे वाचून हसू की रडू.

फ्रीमाँटकर · मंगळवार, दुपारी १.४५ (आमची रात्र)

बाहेरगुंतवणूकवाल्यांना झोप लागते असा कोणाचा समज असेल तर सांगतो. मार्च २०२३ मध्ये स्टार्टअपवाल्यांची लाडकी सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुवारी ९ तारखेला दुपारपासून ग्रुपवर एकच मेसेज, पैसे काढा. लॉगिन केलं, चक्र फिरत राहिलं. शुक्रवारी सरकारने बँकेला टाळं लावलं. विमा अडीच लाख डॉलरचा, आमचे त्याच्या कितीतरी वर. पगार १५ तारखेला.

शनिवारी आम्ही दोघे संस्थापक स्वयंपाकघराच्या टेबलावर यादी करत बसलो, पंधरा दिवस पगार नाही झाला तर सगळ्यात आधी कोण कोलमडेल. तेवीस माणसांबरोबर तीन वर्षं काम केलं, आणि कोणाच्या घरी दुसरी कमाई आहे, कोण व्हिसावर आहे, कोणाच्या बायकोला आठवा महिना आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. रविवारी मी मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम सोडू शकत नव्हतो, नेपथ्य माझ्याकडे होतं. दुपारी हातात खिळे-हातोडी असताना बातमी आली की सगळ्यांचे सगळे पैसे मिळणार. मी तिथेच पुठ्ठ्याच्या वाड्याच्या दारात बसलो.

गंमत पुढे आहे. बँकेने आम्हाला मारलं नाही. वर्षभराने आम्ही असेच मेलो. पैसे होते, ग्राहक नव्हते. आता नोकरी करतो. गोदाकाठ, तुमच्याकडे दर महिन्याला ३.४ लाख देणारे लोक आहेत. आमच्याकडे ते कधीच नव्हते.

सर्व्हर_डाऊन · मंगळवार, दुपारी ४.३०

भावना पुरे, ७० हजारांचं सर्व्हरचं बिल दाखवा. अकरा माणसांच्या कंपनीला हे जास्त आहे. पैज लावतो, टेस्टिंगची मशिनं रात्री आणि रविवारी चालू असतात, डेटाबेसचे दोन वर्षांपूर्वीचे स्नॅपशॉट पडून आहेत, आणि भागीदाराने कधीतरी प्रयोगाला लावलेलं एखादं मोठं मशीन अजून जिवंत आहे.

गोदाकाठ · मंगळवार, रात्री ९.५०

सर्व्हर_डाऊन, पैज जिंकलात. भागीदाराचं मशीन निघालं. नाव होतं 'तात्पुरतं-२'. चौदा महिने चालू होतं.

घरी सांगितलं. सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मला वाटलं तुझं दुसरीकडे काहीतरी चालू आहे." म्हणजे रात्री तीनला उठून फोन बघणारा माणूस बाहेरून कसा दिसतो ते कळलं. त्यानंतर आम्ही दोघे इतके हसलो की आई उठून आली.

ऑफिसात शुक्रवारी सांगणार आहे. फळा पुसून ठेवलाय. बिस्किटं अजून क्रीमचीच आहेत.

हिशेबनीस · मंगळवार, रात्री १०.१५

तिसरा प्रश्न सगळे विसरले, थांबायचं कधी. माझं उत्तर कोरडं आहे: देणी फेडायला पुरतील इतके पैसे हातात असताना. पगार, पीएफ, जीएसटी, नोटिशीच्या काळाचं भाडं, हे सगळं बेरजेत धरा, तुमच्या बाबतीत आठेक लाख होतील. शिल्लक अधिक नक्की येणारी रक्कम त्याच्या खाली जायला लागली की तो दिवस आला. आणि कंपनी बंद करणं म्हणजे शटर ओढणं नव्हे. देणी शून्य करा, मग नोंदणीतून कंपनीचं नाव काढायचा एसटीके-२ चा अर्ज, दहा हजार शुल्क, तोवर दर वर्षीची विवरणपत्रं चालूच. बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल तर 'प्रायव्हेट लिमिटेड' मधलं लिमिटेड तुमच्यासाठी नाही.

जुना_खेळाडू · मंगळवार, रात्री १०.४०

सीएसाहेब, गणित बरोबर, पण ती रेषा ओलांडताना माणसाला दिसत नाही. मला दिसली नव्हती. रेषा कोणाकडे तरी ठेवायला द्यावी लागते. दुपारचं_ऊन ताईंनी कालनिर्णयवर ठेवली तशी.

रोखठोक_२१ · मंगळवार, रात्री ११.३०

मी काल जरा जास्त बोललो. माझी इचलकरंजीची कंपनी २०२१ मध्ये बंद झाली. ते आत्ताशी लिहितोय.

पेठेतली · मंगळवार, रात्री ११.३४

रोखठोक, बसा. लिहा. घड्याळ बंद केलंय.

गोदाकाठ · पुढच्या महिन्याची ७ तारीख, सकाळी ५.१०

धागा वर आणतोय, माफी.

शुक्रवारी फळ्यावर लिहिलं. दोघांनी सोडलं, दोघांसाठीही मीच ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकला. उरलेल्या नऊ जणांत कपात कोणाची किती हे त्यांनीच ठरवलं, ज्युनिअर तिघांची शून्य. रिजेक्शनचा रिपोर्ट रिलीजमधून काढला. कोणी विचारलं नाही का.

पत्र पाठवलं, 'आपल्या नोंदीसाठी'. आठ दिवस काही नाही. मग द्राक्षबाग भाऊंचं ऐकून थेट प्लांटवर जाऊन बसलो, डबा घेऊन. तिसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या बाईंनी आत बोलावलं. नऊ लाख आले. तेरा अजून 'रिव्ह्यू'ला. नवं काम आगाऊ पैशांशिवाय नाही म्हटल्यावर साहेब तापले, तेव्हा त्या तेरांचं काय होईल ठाऊक नाही. सर्व्हरचं बिल ४१ हजारांवर आलं. सिन्नरचे दोन लहान ग्राहक वाढले, दोघे मिळून महिन्याला ३८ हजार. बायकोकडे तारीख दिली आहे, इथे लिहीत नाही.

आज नऊ पगार गेले, माझा नाही. आणि आज जाग साडेचारला आली.

चहाबाज · सकाळी ५.१४

दीड तासाची प्रगती. पण तुम्ही दोघं उठलेलेच असाल तर चहा टाका, मी आपला उगीच जागा आहे.